थेरपी सेंटर देतो म्हणतात, पण पगार कोण देणार?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, स्पीच थेरपी आणि ओटीसाठी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमायला शिकवणारी) आठवड्यातून दोनदा ५५ किलोमीटर जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं. नगरपरिषदेची निवडणूक आलीये आणि एका उमेदवाराने तुमच्या ३४ पालकांच्या ग्रुपला सांगितलंय की निवडून आलो तर गावात फ्री थेरपी सेंटर, प्रत्येक दिव्यांग मुलाला महिना ५ हजार आणि एक स्पेशल शाळा. बदल्यात ग्रुपने जाहीर पाठिंबा द्यायचा आणि रविवारच्या सभेला मुलांना घेऊन स्टेजवर यायचं. अर्धा ग्रुप म्हणतोय इतक्या वर्षांत आपल्याला कोणी विचारलं तरी का, अर्धा म्हणतोय सगळे एकाच माळेचे मणी. आणि तुम्ही विचारताय, विश्वास ठेवायचा का.

मी विशेष शिक्षिका आहे, २२ वर्षं झाली. आधी मतिमंद मुलांच्या शाळेत (तेव्हा शाळेच्या पाटीवर हाच शब्द असायचा), मग जिल्हा परिषदेच्या शाळांमधून एसटीने फिरत समावेशित शिक्षणाचं (दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेतच शिकवायचं) काम केलं, आता जास्त करून पालकांसोबत बसते. पाच-सहा निवडणुका पालकांच्या बाजूने बघितल्यात. त्यामुळे एक सांगते, विश्वास हा शब्द आधी बाजूला ठेवा. माणूस खरा की खोटा हे मला आजही कळत नाही. उलट ठरवून थापा मारणारे फार कमी भेटले, बहुतेकांना तुमचं लेकरू समोर बघून त्या घडीला मनापासूनच वाटत असतं. घोळ वेगळाच असतो. जे कबूल केलं ते त्या माणसाच्या हातात आहे का, आणि समजा दिलंच तर तिसऱ्या वर्षीही ते चालू असेल का, एवढंच बघायचं.

एक खोली सांगते तुम्हाला. गाव सांगत नाही. तिथेही असंच सेंटर कबूल झालं होतं आणि गंमत म्हणजे ते झालंसुद्धा, दीड वर्षात, फीत कापून. मी उद्घाटनाला होते. पिवळा रंग, भिंतीवर छोटा भीम, कोऱ्या करकरीत पॅरलल बार, मोठा निळा थेरपी बॉल, छताला झोक्यासाठी हुक. पहिलं वर्षभर एका संस्थेची थेरपिस्ट आठवड्यातून तीन दिवस यायची, मुलं खरंच यायला लागली होती, एक सात वर्षांचा पोरगा तर तिथेच पहिल्यांदा बारला धरून चार पावलं चालला. मग संस्थेचा करार संपला, तो रिन्यू करायला कोणाच्या टेबलावर पैसे आहेत हेच कोणाला सापडेना. दोन वर्षांनी मी दुसऱ्या कामाला गेले तेव्हा त्या पॅरलल बारवर सतरंज्या वाळत घातल्या होत्या, बॉल कोपऱ्यात चपटा पडलेला, आणि झोक्याच्या हुकाला निवडणुकीच्या साहित्याची पोती टांगलेली, उंदरांपासून सांभाळायला. चावी शिपायाकडे. ज्याने सेंटर आणलं तो नगरसेवक अजूनही मनापासून सांगतो की मी शब्द पाळला. आणि खरं आहे की, पाळलाच त्याने!

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. आमदार निधी, खासदार निधी हे पैसे मुळात कामांसाठी असतात, म्हणजे बांधकाम, खरेदी, दिसेल असं काहीतरी. खासदाराला वर्षाला ५ कोटी असतात पण त्यातून कोणाचा महिन्याचा पगार निघत नाही. म्हणून खोली मिळते, मशीन मिळतं, फरशी मिळते, फक्त थेरपिस्ट मिळत नाही. आणि आपल्या मुलांचं तर उलटं आहे ना, त्यांना खोली नसली तरी चालतं, मी झाडाखाली सतरंजी टाकून काम केलंय, पण रोज तेच माणूस यावं लागतं. आपल्या मुलांसाठी दिलेला जवळपास प्रत्येक शब्द हा शेवटी एका पगाराचा शब्द असतो. ते पद कोण मंजूर करणार, पगार कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटमधल्या कुठल्या खात्यातून निघणार, माणूस सोडून गेला तर पुढचा कोण भरणार? हे विचारलं की समोरचा एकतर नीट बोलायला लागतो नाहीतर विषय बदलतो, दोन्हीतून आपल्याला कळतंच.

आता कोणाच्या हातात काय. संविधानात अपंगांना मदत हा विषय राज्याच्या यादीत आहे, आणि नगरपालिकांच्या कामांच्या यादीतही दुर्बल घटकांच्या हितात दिव्यांगांचा उल्लेख आहे. म्हणजे 'आमच्याकडे येत नाही' असं नगरसेवक म्हणू शकत नाही. पण दरमहा पेन्शन, विशेष शाळेची मान्यता आणि अनुदान, शिक्षकांची पदं हे सगळं राज्याकडे, त्यासाठी २०२२ च्या डिसेंबरात वेगळा दिव्यांग कल्याण विभागसुद्धा केलाय (आधी अपंग होतो, मग विकलांग, मग दिव्यांग, पाट्या बदलायला वेळ लागत नाही, असो). निरामय हा आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंतचा, तो केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाचा, आणि ऑटिझम त्यात बसतो, काढला नसेल तर काढा, त्याला कुठल्याच नगरसेवकाची गरज नाही.

म्हणून तुमच्या उमेदवाराची स्पेशल शाळा सोडून द्या. नगरपरिषदेचा सदस्य फार तर शिफारसपत्र देईल. आणि तसंही मला विचाराल तर तुमच्या मुलाला वेगळी शाळा हवीय की आहे त्या शाळेत विशेष शिक्षक, हे आधी तुमचं ठरू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण आहे, शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलंय, प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक, माध्यमिकला १५ मागे एक. तुमच्या तालुक्यात काय आहे ते पंचायत समितीत जाऊन विचारा, आकडा ऐकून गप्प व्हाल. मी स्वतः एकेकाळी किती शाळा करत होते ते सांगितलं तर हसाल, एका मुलाची पाळी परत यायला तीन आठवडे जायचे आणि तोवर ते मला विसरलेलं असायचं.

महिना ५ हजाराचं. हे सगळ्यात गोड वाटतं आणि सगळ्यात जास्त फसवतं, म्हणून जरा सविस्तर. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना १५०० मिळत होते, २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने ते २५०० केले. टाळ्या पडल्या, पडायलाच हव्या होत्या, त्यासाठी लोकांनी आंदोलनं केलीयेत. पण आमच्याकडे जे पालक येतात त्यातल्या बऱ्याच जणांना त्या हजाराचा काहीच उपयोग नाही, कारण ते आतच नाहीत. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे ५० हजार. वर्षाला! म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेच्या आत. गवंड्याच्या हाताखाली जाणारा बाप यात बसेल का सांगा. लाडकी बहीण आली तेव्हा तिला मर्यादा ठेवली अडीच लाखाची. माझं कोणत्याच बहिणीशी भांडण नाही, मी स्वतः माझ्या मावशीचा फॉर्म भरून दिला, पण तुलना करा. म्हणून कोणी रक्कम वाढवतो म्हणाला की मी लगेच विचारते, 'उत्पन्नाची अट किती करणार?' रक्कम वाढवली की बातमी होते, अट वाढवली की माणसं वाढतात आणि खरा खर्च तिथे असतो, म्हणून तिच्यावर कोणी बोलत नाही. आणखी एक, त्याच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट आहे की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. हे वाक्य पाठ करून ठेवा, सभेत उपयोगी पडतं.

हां, इथे एक परिस्थितीचा भाग आहे. मोठी महानगरपालिका असती तर मी वेगळं सांगितलं असतं. नवी मुंबई महापालिकेचं वाशीला ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांचं शिक्षण, प्रशिक्षण, थेरपी सगळं पालिका चालवते. मुंबई महापालिकेनेही दिव्यांगांना स्वतःचं अर्थसहाय्य सुरू केलंय. म्हणजे स्थानिक संस्था करू शकते, प्रश्न तिजोरीचा आहे. तुमच्यासारख्या गावात घरपट्टी, पाणीपट्टी वसूल होता होत नाही, तिथे ३४ नाही तर गावातल्या सगळ्या दिव्यांगांना महिना ५ हजार कुठून येणार हा हिशोब तुम्हीच घाला. तसंच मुलाच्या वयावरही बरंच आहे. तीन वर्षांखालचं मूल असेल तर मी म्हणेन निवडणूक गेली खड्ड्यात, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला (लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र) आजच जा, आरबीएसके या सरकारी बाल आरोग्य कार्यक्रमाखाली ० ते १८ च्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. मूल १६-१७ चं असेल तर पालकांचा सगळा जीव 'आमच्यानंतर काय' या एका प्रश्नात असतो आणि त्यावर शब्द देणारा नेता मला अजून भेटायचाय, तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व (मूल मोठं झाल्यावर त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार) वेळेत काढणं हेच हातातलं काम. तुमचा ९ वर्षांचा, म्हणजे शाळा आणि थेरपी, तेवढंच धरून बोलते.

तर आतापर्यंतचं: स्पेशल शाळा त्याच्या हातात नाही, ५ हजार बहुतेक तिजोरीत नाहीत, थेरपी सेंटर मात्र होऊ शकतं पण त्यातल्या माणसाचं आधी ठरलं तरच. आणि हे तिसरं, जे खरंच शक्य आहे, तिकडेच जोर लावायचा.

पैसे कुठून, तर ५ टक्के निधी. प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, पूर्वी हे ३ टक्के होतं. ह्याचं बहुतेक ठिकाणी काय होतं माहितीये का, मार्च एंड जवळ आला की नोंदणी झालेल्या सगळ्यांत सारखे वाटून टाकतात, खात्यात दोन-अडीच हजार येतात, संपलं. आता समजा, फक्त उदाहरण म्हणून, तुमच्या पालिकेचं स्वतःचं उत्पन्न ४ कोटी आहे. ५ टक्के म्हणजे २० लाख. नोंदणीचे दिव्यांग ४०० असतील तर प्रत्येकी वर्षाला ५ हजार (बघा, उमेदवाराचा आकडा तोच निघाला, फक्त महिन्याचा नाही, वर्षाचा). आणि ३५ हजार मानधनाने दोन थेरपिस्ट, एक स्पीचची एक ओटीची, वर्षभर ठेवले तर ८ लाख ४० हजार. म्हणजे होतंय की! पण इथे मी तुम्हालाही थोडी टोचणार. त्या ४०० मध्ये मुलं असतील पन्नास-साठ. बाकी म्हातारी माणसं, एक पाय गेलेला टपरीवाला, अंध बाई, त्यांना ते पाच हजार रोख लागतात, दिवाळीला त्यांचा तोच आधार असतो. आपण पालकांनी परस्पर तो निधी थेरपीकडे वळवला तर उद्या आपणच त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार? एका गावात हे असंच झालं, पालकांच्या ग्रुपचं आणि दिव्यांग संघटनेचं इतकं वाजलं की शेवटी दोघांनाही काही मिळालं नाही, पैसे अखर्चित म्हणून पडून राहिले. तेव्हा आधी गावातल्या दिव्यांग संघटनेच्या माणसांसोबत चहा प्या, काही वाटप काही सामूहिक खर्च असं आपापसात ठरवा आणि मग दोघांनी मिळून उमेदवारांकडे जा. मतंही तेव्हाच दिसतात त्यांना. आपली मुलं तर आकड्यातच नाहीत, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले पण ऑटिझमचा वेगळा रकानाच नव्हता, 'इतर'मध्ये नाहीतर 'मतिमंद'मध्ये कुठेतरी गेली असतील आपली पोरं.

मी काय करीन तुमच्या जागी? मुख्याधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात एक अर्ज, १० रुपयांचा: मागच्या तीन वर्षांत ५ टक्के निधी किती होता, किती खर्च झाला, कशावर झाला. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर वाचायला मजा येते, एका ठिकाणी बागेसमोरचा अख्खा पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ दिव्यांग कल्याणात घातला होता, का तर त्याला एका टोकाला उतार आहे. मग ग्रुपचं एक पानाचं पत्र करा, तुमच्या वॉर्डातल्याच नाही तर सगळ्या उमेदवारांना, सगळ्या पक्षांना तेच पत्र. त्यात तीनच गोष्टी, जास्त नको. एक, दोन थेरपिस्टचं मानधन बजेटमध्ये दरवर्षी वेगळं दाखवणार का. दोन, पालिकेच्या शाळांतलं किमान एक टॉयलेट आपल्या मुलांना वापरता येईल असं करणार का (हे छोटं वाटतं, पण टॉयलेटमुळे शाळा सोडलेली मुलं मी हाताच्या बोटांवर मोजण्यापलीकडे बघितलीत). तीन, सर्वसाधारण सभेत सहा महिन्यांनी या निधीचा हिशोब मांडायला लावणार का. खाली सही मागा. सहीला कायद्याने काही किंमत नाही हे मलाही माहितीये, पण सही करताना माणूस वाचतो, आणि वाचला की 'हे दुसरं जमेल, पहिलं विचारून सांगतो' असं बोलायला लागतो. असं अर्धं नाही म्हणणारा उमेदवार मला सगळ्याला हो म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

सगळ्यांना का, तर जो हरतो त्याच्या पक्षाचे दोन-तीन जण तरी निवडून येतातच, आणि पाच वर्षं सभेत उभं राहून प्रश्न विचारायला तेच मोकळे असतात. माझ्या बघण्यातलं सगळ्यात चांगलं काम एका विरोधी बाकावरच्या बाईंनी केलं. निवडणुकीत त्यांनी आम्हाला काहीही कबूल केलं नव्हतं, फक्त शाळेत आल्या होत्या, चप्पल बाहेर काढून टॉयलेटमध्ये जाऊन आल्या आणि दाराची रुंदी पदराच्या टोकाने मोजली. नंतर प्रत्येक सभेत त्या एकच विचारायच्या, 'त्या दाराचं काय झालं?' अकरा महिन्यांनी दार झालं, बत्तीस इंची, व्हीलचेअर आत जाते.

यामुळेच जाहीर पाठिंबा ग्रुप म्हणून देऊ नका असं माझं मत आहे. मत प्रत्येकाने आपापलं द्यावं, त्यात मी पडत नाही. पण ग्रुपवर एकदा रंग चढला की दुसरा निवडून आल्यावर तुमची फाईल खालीच राहते, आणि ३४ घरांत चार पक्षांची माणसं असणारच, तो ग्रुप फुटला तर रात्री अकरा वाजता 'मुलगा झोपत नाहीये काय करू' हे विचारायला दुसरी जागा आहे का तुम्हाला?

स्टेजचं तर सरळ नाही म्हणा. मी एकदा गप्प बसले होते, त्याची अजून लाज वाटते. वाटपाचा कार्यक्रम होता, डीजे, फटाके, आमच्या शाळेचा एक मुलगा पहिल्या रांगेत दोन्ही कान दाबून, डोळे मिटून पुढेमागे हलत होता, आणि निवेदक माइकवर म्हणाला, बघा किती आनंद झालाय त्याला. शेजारच्या सात वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाच्या मापाची व्हीलचेअर दिली, पाय खालच्या पाय ठेवायच्या पट्टीपर्यंत पोचत नव्हते, फोटो मात्र झकास आला. ती खुर्ची पुढे त्यांच्या अंगणात कपडे वाळवायला. उमेदवाराला खरंच भेटायचं असेल तर त्याला सांगा, सभेला नाही येत, तुम्हीच या, एका मंगळवारी सकाळी सहाच्या एसटीने आमच्यासोबत जिल्ह्याला चला, ४० मिनिटांच्या थेरपीसाठी अख्खा दिवस कसा जातो ते बघा. बहुतेक येणार नाही. पण त्याने नाही म्हणताना काय कारण दिलं ते लक्षात ठेवा. आणि आला तर मग त्याच्याशी बोलायला विषयच विषय आहेत.

पत्राचा मसुदा झाला की दाखवा, भाषा बघून देते, 'लेखाशीर्ष' आणि 'मानधन' हे दोन शब्द त्यात हवेतच, तेवढ्याने क्लार्कसुद्धा नीट वाचतो. आणि मुलाचं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट कायमचं आहे की मुदतीचं ते आज रात्रीच बघून ठेवा. लहान मुलांना बऱ्याचदा मुदतीचं देतात, निवडणुकीच्या ड्युट्यांत सिव्हिल हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डाच्या तारखा पुढे जातात आणि मग युडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अडकलं की ५ टक्क्यांच्या यादीतून नावच गायब होतं.